जुने चांदीचे रुपये : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या पेटीत, देव्हाऱ्यामागच्या डब्यात किंवा आजोबांच्या कडीकुलपातल्या तिजोरीत जुने रुपये सापडले की लोक फोटो पाठवतात आणि विचारतात. गेली काही वर्षं तेच ते प्रश्न येत असल्यामुळे उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिलेत, म्हणजे एका उत्तरातून दुसऱ्याकडे जाणं सोपं पडेल.

१. आजीच्या डब्यात राणीच्या छापाचे पाच-सहा रुपये सापडले. आधी काय करू?

घासू नका, पुसू नका. मऊ कापड अंथरा, रुपया कडेने दोन बोटांत धरा आणि भिंगाखाली सावकाश वाचा. एका बाजूला कुणाचं नाव आहे, दुसऱ्या बाजूला कोणतं वर्ष आहे, कडेवर काय आहे, हे एका वहीत टिपा. कोण कुठून आणायचं, डबा कुणाचा होता, हेही घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून लिहा. नाण्याचं वर्ष पन्नास वर्षांनीही वाचता येईल. आजीची आठवण मात्र तिच्याबरोबरच जाते.

२. रुपया खरा चांदीचा आहे की नाही, हे घरी कसं ओळखायचं?

पहिली परीक्षा वजनाची. १८३५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानात पाडलेल्या चांदीच्या रुपयाचं ठरलेलं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हाच एक तोळा. जुन्या वैद्यांच्या पाठांत आणि घरच्या पाककृतींत ‘रुपयाभार’ असं माप येतं ते याच वजनामुळे. रुपया हे पैशाचं नाणं होतं तसंच घरोघरचं खात्रीचं वजनही होतं. हाताळून झिजलेला रुपया ११.४ किंवा ११.५ ग्रॅम भरला तर दचकू नका. पण ठसे अगदी टवटवीत आणि वजन १० ग्रॅम, असं असेल तर शंका घ्या.

दुसरी परीक्षा लोहचुंबकाची. चांदी चुंबकाला चिकटत नाही. अर्थात तांबं-पितळही चिकटत नाही, त्यामुळे ही परीक्षा फक्त लोखंडी नकला बाहेर काढते.

तिसरी परीक्षा पाण्याची, आणि माझा भरवसा हिच्यावर सर्वांत जास्त. नाजूक काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. रुपया दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरा. काटा जे दाखवेल ते रुपयाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. उत्तम चांदीच्या रुपयाला ते साधारण १.१३ ग्रॅम येतं, निम्म्या चांदीच्या रुपयाला (प्रश्न ३) १.२२ च्या आसपास.

‘खणखणीत वाजणं’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे उगाच रुजलेला नाही. चांदीचा रुपया दगडी फरशीवर पडला की लांब, गोड नाद देतो. पण नादासाठी नाणं आपटू नका, कडेला पडलेला खड्डा कायमचा राहतो. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी मारली तरी पुरे. आणि सराफाला कसोटीवर घासू देऊ नका.

३. सगळ्या जुन्या रुपयांत सारखीच चांदी असते का?

नाही. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयात बारा भागांतले अकरा भाग चांदी, म्हणजे ९१.७ टक्के. एका रुपयात निव्वळ चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. दुसऱ्या महायुद्धात चांदीची चणचण भासली आणि १९४० पासून चांदी ५० टक्क्यांवर आली. उरलेल्यात ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. हा सहाव्या जॉर्जचा रुपया झिजला की त्यावर किंचित पिवळट झाक दिसते. त्याची कडही वेगळी आहे. दात्यांच्या मधोमध एक खोबण आहे आणि तिच्यात नक्षी आहे. नकला करणाऱ्यांना ही कड सहज जमू नये हाच तिचा हेतू. १९४५ हे चांदीच्या रुपयाचं शेवटचं वर्ष. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, त्यात चांदी नाही. हा प्रश्न मला आठवड्याला एकदा तरी येतोच.

संस्थानांची गणितं निराळी होती. त्यासाठी प्रश्न १४ पाहा.

४. ‘रुपया’ हे नाव कधीपासून?

शब्द जुना आहे, संस्कृतात ‘रूप्य’ म्हणजे ठसा उमटवलेली चांदी. पण ठरावीक वजनाचं, ‘रुपया’ याच नावाचं नाणं रूढ केलं शेरशाह सुरीने. त्याने १५४० ते १५४५ अशी जेमतेम पाच वर्षं राज्य केलं. त्याचा रुपया सुमारे १७८ ग्रेनचा होता. मुघलांनी तोच पुढे चालवला आणि तीनशे वर्षांनी ईस्ट इंडिया कंपनीने ठरवलेलं १८० ग्रेन हे वजनही त्याच्यापासून फार लांब गेलं नाही.

५. मुघल रुपयावर चित्र का नसतं? आणि अक्षरं अर्धी कापलेली का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण बरेच जण अर्धवट अक्षरं पाहून नाणं सदोष समजतात. हे रुपये हाताने पाडलेले आहेत. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर चांदीची चकती, तिच्यावर वरचा ठसा आणि वरून हातोड्याचा घाव. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, म्हणून मजकुराचा जेवढा भाग चकतीवर बसला तेवढाच उमटला. बादशहाचं नाव, टांकसाळ आणि वर्ष ही तिन्ही एकाच नाण्यावर आली तर संग्राहक हरखतो ते यामुळेच.

आता चित्राविषयी. या नाण्यांवर अक्षर हीच कला होती. औरंगजेबाचा रुपया हातात घ्या. त्याने नाण्यांवरून कलिमा, म्हणजे इस्लामचं श्रद्धावचन, काढायला लावला, पवित्र वचन कुणाच्याही हातापायाखाली जाऊ नये म्हणून. त्या जागी एक फारसी शेर आला : ‘सिक्का ज़द दर जहाँ चु बद्र-ए-मुनीर, शाह औरंगज़ेब आलमगीर’. म्हणजे औरंगजेब आलमगीराने जगात नाणं पाडलं ते तेजस्वी पूर्णचंद्रासारखं. हे झालं चांदीवर. त्याच बादशहाच्या सोन्याच्या मोहोरेवर ‘बद्र’च्या जागी ‘मेहर’ आहे, म्हणजे सूर्य. चांदीला चंद्र, सोन्याला सूर्य! एका शब्दाच्या बदलात धातूचा रंग पकडणारा तो कवी मला आजही थक्क करतो.

चित्रांचा नियम मोडणारेही होते. जहांगीराने राशींची चित्रं असलेले रुपये अहमदाबादेत पाडवले. पण आज हाती येणाऱ्या अशा राशींच्या रुपयांत नकलाच फार.

६. मराठ्यांच्या रुपयावर मुघल बादशहाचं नाव कसं? शिवाजी महाराजांचा रुपया नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनातली खंत मला कळते, म्हणून सविस्तर लिहितो.

शिवछत्रपतींची प्रसिद्ध नाणी म्हणजे सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. दोन्हींवर देवनागरीत एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ती स्वतंत्र सार्वभौमत्वाची घोषणा होती. चांदीचं मोठं चलन मराठ्यांनी पाडलं ते पुढे, अठराव्या शतकात. तोवर सुरतेपासून बंगालपर्यंत बाजाराला सवय होती ती मुघल धाटणीच्या रुपयाची. व्यापारी, सावकार आणि शिपाई रुपया घेत तो ओळखीच्या ठशावर. अनोळखी ठसा दिसला की बट्टा कापला जाई (प्रश्न ७). म्हणून पुण्याच्या टांकसाळीतल्या रुपयावरही शाह आलमचं फारसी नाव राहिलं, आणि टांकसाळीचं नावही ‘मुहियाबाद पुणे’ असंच. औरंगजेबाने पुण्याला दिलेलं ते नाव.

पण त्या फारसी अक्षरांच्या गर्दीत एक खूण शोधा : अंकुश. हाच अंकुशी रुपया. अंकुश हे गणपतीच्या हातातलं आयुध, आणि पेशव्यांचं आराध्य दैवत गणपती. चांदवडच्या टांकसाळीतला चांदोरी रुपया मराठी मुलखात असाच ओळखीचा होता. होळकरांच्या नाण्यांवर तर शिवलिंग आणि बेलाचं पान आहे. वर बादशहाचं नाव, खाली अहिल्याबाईंची श्रद्धा. यात मला लाचारी दिसत नाही. नाव बाजारासाठी होतं, आणि राज्य कुणाचं हे खूण सांगत होती. मराठा नाणी गोळा करायची असतील तर आधी या खुणा ओळखायला शिका, फारसी हळूहळू जमतं.

७. ‘बट्टा’ म्हणजे नेमकं काय? त्याचा नाण्याच्या वर्षाशी काय संबंध?

‘नावाला बट्टा लागला’ असं आपण सहज म्हणतो. तो बट्टा नाणेबाजारातलाच. रुपया जुना झाला, झिजला किंवा परमुलखातला निघाला की सराफ त्याच्या किमतीतून काही भाग कापून घेई. ही कपात म्हणजे बट्टा. काही ठिकाणी तर झीज झालेली नसली, तरी केवळ मागल्या वर्षाचा आकडा आहे म्हणून कपात होई. आणि ज्याचं काहीच कापलं जात नाही तो ‘बंदा रुपया’.

यावर ईस्ट इंडिया कंपनीने उपाय काढला, वर्षच गोठवायचं. मुर्शिदाबादच्या नावाने पाडलेल्या शाह आलमच्या रुपयावर कित्येक वर्षं ‘जुलूस १९’ हेच राज्यवर्ष राहिलं. सुरती धाटणीच्या रुपयावर ते ४६ होतं. नाण्यावर जुनं-नवं कळलंच नाही, तर बट्टा कशावर कापणार?

ही सवय पुढेही टिकली. व्हिक्टोरियाचा ‘१८४०’ वर्षाचा रुपया १८४० नंतरही बरीच वर्षं निघत राहिला. ‘१८६२’ चा आकडा १८७४ पर्यंत चालला. म्हणून रुपयावरचं साल म्हणजे तो पाडल्याचंच साल असं धरू नका. मुंबईच्या टांकसाळीने मात्र खरं वर्ष कळावं म्हणून १८६२ च्या रुपयांवर बारीक ठिपके दिले. मागच्या बाजूला भिंग लावून ते ठिपके मोजणं हा एक वेगळाच छंद आहे. माझ्याकडे येणाऱ्या दर दहा लोकांपैकी एखाद्याला तरी तो जडतो.

८. माझ्याकडे १८४० चे दोन रुपये आहेत, पण ते सारखे दिसत नाहीत. एक खोटा आहे का?

बहुधा दोन्ही खरे आहेत. पहिल्या प्रकारात राणीचं नाव आणि पदवी डोक्यावरून सलग फिरते. नंतरच्या प्रकारात ती दुभंगते, नाव एका बाजूला आणि पदवी दुसऱ्या बाजूला. मानेच्या कापावर बारीक अक्षरं दिसली तर ती विल्यम वायन या कोरणाऱ्याची आद्याक्षरं असू शकतात.

राणीच्या पदव्याही पाहा. १८४० वर ती ‘राणी’ आहे आणि मागे कंपनीचं नाव. १८५८ मध्ये कंपनीचं राज्य संपलं, म्हणून १८६२ च्या नाण्यावर कंपनी नाही, फक्त ‘इंडिया’ आहे आणि राणीच्या डोक्यावर मुकुट आला. १८७७ पासून ती ‘सम्राज्ञी’ झाली.

९. राजाचं तोंड कधी उजवीकडे, कधी डावीकडे. याला काही अर्थ?

प्रथा आहे. नवा राजा आदल्याच्या उलट दिशेला पाहतो. चौथा विल्यम उजवीकडे, व्हिक्टोरिया डावीकडे, सातवा एडवर्ड उजवीकडे, पाचवा जॉर्ज डावीकडे. सहावा जॉर्जही डावीकडेच पाहतो, कारण मध्ये आठवा एडवर्ड येऊन गेला आणि १९३६ मध्ये वर्ष सरायच्या आत त्याने गादी सोडली. त्याचा हिंदुस्थानी रुपया नाहीच. त्याचं नाव कुठे सापडतं ते प्रश्न १४ मध्ये.

१०. १९११ च्या ‘डुकराच्या रुपया’ची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, आणि भिंग असेल तर स्वतः पाहता येते. पाचव्या जॉर्जच्या अंगावरच्या झग्यावर एका मानचिन्हाची साखळी आहे आणि तिच्यात हत्ती कोरलेला आहे. १९११ च्या ठशात या हत्तीची सोंड आखूड आणि पाय तोकडे आले, त्यामुळे तो डुकरासारखा दिसू लागला. लोकांत चलबिचल झाली, विशेषतः मुस्लिम समाजात. सरकारने नाणी परत घेतली आणि १९१२ च्या ठशात सोंड नीट लांब केली. तोवर काही लाख रुपये लोकांच्या हाती गेले होते, म्हणून १९११ चा रुपया आजही मिळतो.

दोन्ही रुपये शेजारी ठेवून पाहा. नखाच्या टोकाएवढ्या जागेत सगळा फरक आहे. ठसा कोरणारा हजारो मैल लांब होता, आणि नाणं चालायचं होतं ते हत्ती रोज पाहणाऱ्या माणसांत.

११. टांकसाळ कोणती ते कसं कळतं?

पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला तळाशी कमळापाशी उठावाचा ठिपका असेल तर मुंबई, काहीच नसेल तर कलकत्ता. सहाव्या जॉर्जच्या शेवटच्या वर्षांत रोमन ‘एल’ दिसला तर लाहोर. व्हिक्टोरियाच्या नाण्यांवर मुंबईसाठी ‘बी’ आणि कलकत्त्यासाठी ‘सी’ सापडतं, पण अनेकांवर खूणच नसते आणि तिथे नक्षीतल्या बारकाव्यांवरून ठरवावं लागतं.

१२. रुपया काळा पडलाय. चिंच लावू की दंतमंजन?

दोन्ही नको. राखही नको, लिंबूही नको, सराफाचं पॉलिशही नको.

तो काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाशी चांदीचा झालेला संयोग. तो घाण नाही, नाण्याची त्वचा आहे, आणि सावकाश चढलेला निळसर-जांभळा रंग तर जाणकार मुद्दाम शोधतात. घासलं की ती त्वचा जाते आणि तिच्याबरोबर चांदीचा थर, केसांच्या रेषा, पाकळीची धार हेही जातं. मी शाळेत असताना आजोबांचा १८३५ चा विल्यमचा रुपया चिंचेने लखलखीत केला होता. आजोबा काही बोलले नाहीत. त्या गालावरचे ओरखडे मी आजही भिंगातून पाहतो, आणि म्हणूनच हे उत्तर इतक्या ठामपणे लिहितो.

माती चिकटली असेल तर शुद्ध केलेल्या पाण्यात भिजत ठेवा आणि न चोळता टिपून वाळवा. प्लॅस्टिकचा हिरवट चिकटपणा असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवा, पण खिडक्या उघड्या ठेवून आणि आगीपासून लांब.

१३. मग ठेवायचा कशात?

मऊ, वासाच्या, लवचिक प्लॅस्टिक पाकिटांत नाही. त्यातूनच तो हिरवा चिकटा सुटतो. रबर बँड, वर्तमानपत्राचा कागद आणि लोकरही टाळा, यांतलं गंधक आणि आम्लं चांदीला लागतात. मायलरच्या पारदर्शक चौकटी किंवा आम्लविरहित कागदी पाकिटं चांगली. सोबत सिलिका जेलची पुडी. पावसाळ्यात ती दर महिन्याला बदला.

१४. संस्थानांचे रुपये गोळा करण्यासारखे आहेत का?

अवश्य, आणि मराठी वाचकाने तर बडोद्यापासून सुरुवात करावी. तिसऱ्या सयाजीरावांच्या रुपयावर पगडीतला त्यांचा मुखवटा आहे आणि नाव देवनागरीत. मागे ‘एक रुपया’, संवत आणि तलवार. ब्रिटिश राजाचं तोंड त्यावर कुठेही नाही.

हैदराबादच्या रुपयावर चारमिनार आहे. त्याच्या कमानीत एक अक्षर असतं. ‘मीम’ असेल तर महबूब अली खान, ‘ऐन’ असेल तर उस्मान अली खान. यांतल्या बहुतेक रुपयांत चांदी ८१.८ टक्के आहे आणि वजनही ११.१८ ग्रॅम, म्हणून प्रश्न २ मधले आकडे इथे लावू नका.

कच्छची कोरी हे अगदी निराळं चलन. आठव्या एडवर्डचं नाव चांदीवर हवं असेल तर ते कच्छच्या १९३६ च्या कोरीवर आहे. आणि शेवटच्या, संवत २००४ च्या कोरीवर ‘जय हिंद’.

१५. नाण्यावर बारीक टोचे आहेत, एकावर कडी लावल्याची खूण आहे. किंमत गेली का?

टोचे सराफांच्या पारखीचे आहेत. आत तांबं तर नाही ना, हे त्यांनी असं पाहिलं. मुघल आणि मराठा रुपयांवर मी ते इतिहासाचा भाग मानतो आणि आनंदाने घेतो. कडीचं झाळण मात्र दागिन्यातून आलेलं असतं. तसं नाणं संग्रहात दुय्यम ठरतं. कडी उपटून काढू नका, जखम वाढते.

१६. सराफ वजनावर घेतो म्हणतो. देऊ का?

आधी प्रश्न १ प्रमाणे सगळे वाचून काढा. महायुद्धात, १९४१ ते १९४३ च्या दरम्यान, व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि जॉर्जचे चांदीचे रुपये चलनातून काढून घेतले गेले आणि प्रचंड संख्येने वितळले. तुमच्या हातातला त्यातून वाचलेला आहे. झिजलेले, कडी लावलेले, हजारोंनी मिळणारे रुपये विकावे लागले तर त्यात अपराध नाही. पण १९११, १९३९, ठिपक्यांचे १८६२ आणि फारसी अक्षरांचा कोणताही रुपया जाणकाराला दाखवल्याशिवाय काट्यावर ठेवू नका.

१७. १९३९ चा रुपया स्वस्तात मिळतोय. घेऊ?

थांबा. हा अतिशय दुर्मिळ रुपया आहे, आणि १९३८ च्या ‘८’ मध्ये फेरफार करून त्याचा ‘९’ केलेले कित्येक फिरतात. शेवटच्या आकड्याभोवतीची जमीन, म्हणजे नाण्याचा रिकामा सपाट भाग, तिरक्या उजेडात पाहा. ती बाकी जमिनीपेक्षा खरखरीत किंवा खोलगट दिसली तर परत द्या. ओतीव नकलांची लक्षणं वेगळी आहेत : साबणावर उमटल्यासारखी बोथट अक्षरं, सूक्ष्म छिद्रं, आणि कडेवर गोल फिरणारी सांध्याची रेष.

१८. राम-सीता-हनुमानाचं, १८१८ सालचं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं घरी आहे. लाखो रुपये मिळतील म्हणतात?

मिळणार नाहीत. कंपनीच्या टांकसाळीने असं नाणं कधी पाडलंच नाही. ही नंतर केलेली पूजेची पदकं आहेत. देव्हाऱ्यात ती असतील तर तिथेच राहू द्या, त्यांचं मोल तिथे आहे. पण ‘तांदूळ ओढणारं नाणं’ वगैरे सांगून कुणी आगाऊ पैसे मागितले तर सरळ पोलिसांत जा. यात घरं बुडाली आहेत.

१९. शेत नांगरताना नाण्यांचं मडकं निघालं. ते आमचंच ना?

लगेच तसं धरू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. मडकं, माती, नाणी जशी आहेत तशी ठेवा. कोणतं नाणं कोणत्या नाण्यासोबत पुरलं होतं, यावरूनच काळ ठरतो. वाटून घेतलं की तो पुरावा कायमचा संपतो.

आणि १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं. परदेशी राहणाऱ्या मुलाला भेट म्हणून ते परस्पर नेता येत नाही.

२०. एका लहानशा चांदीच्या नाण्यावर दोन ठसे एकमेकांवर आलेत. चुकून असं झालं असेल का?

मुद्दाम केलेलं असू शकतं. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी नहपान या क्षत्रप राजाची. पण त्यातल्या निम्म्याहून कितीतरी जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. हरलेल्या राजाचं चलन वितळवत न बसता तेच आपलं करून घेतलं.

असं नाणं हाती आलं तर दिव्याखाली सपाट धरू नका, उजेड बाजूने येऊ द्या. सातवाहनांच्या कमानींच्या डोंगराखालून आधी एक कान दिसतो, मग नाकाची धार, मग नहपानाचा पूर्ण चेहरा वर येतो. वजन आणि फोटो टिपून ठेवा आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथल्या अभ्यासकांना दाखवा.